इंजिनासाठी एसी

अहिल्यानगरच्या, म्हणजे नगरच्या, रणगाडा संग्रहालयात 'सेंच्युरियन' उभा आहे. १९६५ च्या सप्टेंबरात पंजाबातल्या असल उत्तर गावाजवळ पाकिस्तानी पॅटन रणगाड्यांची वाट ज्यांनी रोखली, त्यांत सेंच्युरियन होते. पाहायला आलेले लोक तोफेसमोर फोटो काढतात आणि पुढे सरकतात. या रणगाड्याची खरी नवलाई मात्र त्याच्या पाठीमागच्या पोलादी झाकणांखाली आहे. सेंच्युरियनला जे इंजिन बसवत, त्याचं नाव 'मिटिऑर'. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाला उडवणाऱ्या रोल्स रॉइसच्या 'मर्लिन' इंजिनाची ती जमिनीवरची आवृत्ती. दोन्हींचे सिलिंडर बारा, दोन्हींची क्षमता २७ लिटर. तरीही मिटिऑरची ताकद ६५० अश्वशक्ती, तर १९४२ मध्ये स्पिटफायरला बसलेल्या 'मर्लिन ६१'ची दीड हजारांच्या वर.

रणगाड्याला हलक्या प्रतीचं पेट्रोल मिळायचं आणि त्याचं इंजिन जरा सावकाश फिरवलं जायचं, हे खरं. पण मुख्य कारण वेगळं होतं. मिटिऑर बनवताना मर्लिनचा सुपरचार्जर काढून टाकला होता.

इंजिनात इंधन जास्त ओतणं कठीण नसतं. कठीण असतं ते त्या इंधनाला पुरेल एवढी हवा आत घालणं. साधं इंजिन पिस्टन खाली जाताना जेवढी ओढली जाईल तेवढीच हवा घेतं. सुपरचार्जर हा इंजिनाच्याच ताकदीवर फिरणारा पंखा किंवा पंप. तो हवा दाबून आत ढकलतो. टर्बोचार्जरही तेच करतो, फक्त त्याला फिरवायला सायलेन्सरकडे निघालेला धूर वापरतात. हवा जास्त गेली की इंधन जास्त जाळता येतं, आणि तेवढ्याच लोखंडातून जास्त ताकद निघते.

नगरला याचा दुसरा पुरावाही आहे. १९४८ पासून इथे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आहे, आणि भारतीय लष्कराचे रणगाडेवाले इथेच घडतात. ज्या रशियन रणगाड्यांवर ते शिकत आले, त्यांची इंजिनं एकाच घराण्यातली आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या टी-३४ च्या ३८.८ लिटरच्या व्ही-२ डिझेल इंजिनाची ताकद ५०० अश्वशक्ती होती. टी-५५ मध्ये ते ५८० वर गेलं. टी-७२ मध्ये, म्हणजे आपल्या 'अजेय'मध्ये, त्याला गिअरवर फिरणारा सुपरचार्जर लागला आणि ७८० अश्वशक्ती मिळाली. टी-९० 'भीष्म'मध्ये सुपरचार्जरच्या जागी टर्बो आला आणि आकडा १००० ला पोचला. लिटर तेच, सिलिंडरही तेच बारा. वाढली ती मुख्यतः आत जाणारी हवा.

मग हवा दाबतच का जाऊ नये? कारण दाबलेली हवा तापते. सायकलला हवा भरताना पंपाचं तळ हाताला चटका देतं, ते घर्षणापेक्षा या दाबण्यामुळेच. हवेवर केलेलं काम तिच्यात उष्णता म्हणून उतरतं. आणि तापलेली हवा फुगते, म्हणजे जी दाटी करायला पंप बसवला, तिचाच काही भाग हातचा जातो.

एक हिशेब मांडू. नगरची मे महिन्यातली दुपार, हवा ४२ अंश सेल्सिअस. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटर उंच असल्याने हवेचा दाब आधीच सातेक टक्के कमी. शिवाय उष्णतेमुळे हवा विरळ. १५ अंशांच्या हिवाळी पहाटेच्या तुलनेत ४२ अंशांच्या लिटरभर हवेत ऑक्सिजन साडेआठ टक्के कमी असतो. आता ही हवा १.७ पट दाबली. सुपरचार्जर कितीही चांगला असला तरी तो परिपूर्ण नसतो. त्याची कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा १२० अंशांच्या आसपास असते. उकळत्या पाण्याहून गरम हवा आपण इंजिनाच्या तोंडात देतो आहोत.

पेट्रोल इंजिनाला याचा त्रास दुहेरी होतो. एक तर हवा विरळ. दुसरं म्हणजे एवढं गरम मिश्रण सिलिंडरात आणखी दाबलं गेलं की ठिणगीच्या ज्योतीची वाट न पाहता त्याचा काही भाग आपोआप पेटतो. गॅरेजवाले म्हणतात, इंजिन नॉक करतंय. तो आवाज म्हणजे पिस्टनवर बसणारे खरेखुरे हातोडे असतात. आजच्या गाडीतला कॉम्प्युटर नॉकिंगची चाहूल लागताच ठिणगी उशिरा पाडतो, इंजिन वाचतं, पण ताकद जाते. उन्हाळ्यात गाडी जड चालते असं जे ड्रायव्हर सांगतात, त्यात या दोन्हींचा वाटा असतो. डिझेलला नॉकिंगची भीती तशी नसते, पण गरम हवेने ज्वलनाचं तापमान चढतं, आणि त्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतात. बीएस-६ या प्रदूषण-नियमांच्या काळात तीही मोठीच अडचण आहे.

म्हणून दाबणं आणि जाळणं यांच्यामध्ये हवा थंड करायची. हे काम करणारा तो इंटरकूलर. मर्लिन ६१ मध्ये हवा दोन टप्प्यांत दाबली जायची आणि तिला थंड करायला पाणी व ग्लायकॉल यांचा वेगळा फेरा होता. त्याचा पंप वेगळा, रेडिएटर वेगळा. आपल्या रस्त्यांवर याचं साधं रूप सगळ्यांनी पाहिलेलं आहे. नाशिकला बनलेल्या कॉमनरेल डिझेल स्कॉर्पिओच्या बॉनेटवर जो उंचवटा असतो, तो रुबाबासाठी आहे असं पुष्कळांना वाटतं. खरं तर त्याच्या तोंडातून शिरणारा वारा थेट खालच्या इंटरकूलरवर पडतो.

स्कॉर्पिओचा इंटरकूलर हवेने हवा थंड करतो. मर्लिनचा द्रवाने करायचा. सुपरचार्जर लावलेल्या कित्येक पेट्रोल गाड्यांत दुसरी रीत असते, कारण इंजिनाच्या डोक्यावर, सुपरचार्जरच्या पोटातच छोटा इंटरकूलर बसवता येतो. तिथून गरम झालेला द्रव नळीने पुढच्या जाळीमागच्या रेडिएटरकडे जातो, वाऱ्यावर निवतो आणि परत येतो.

दोन्ही रीतींना एकच कुंपण आहे: बाहेरच्या हवेचं तापमान. वाऱ्यावर ठेवलेली कोरडी वस्तू वाऱ्याहून थंड होत नाही. ४२ अंशांच्या दुपारी रेडिएटरमधला द्रव पन्नाशीच्या खाली क्वचितच येईल आणि त्या द्रवाने थंड झालेली हवा ६५ अंशांच्या आसपास राहील. १२० वरून ६५, हे काही थोडं नाही. पण स्पिटफायर तीस हजार फुटांवर उडताना भोवतालची हवा उणे चाळीसच्या खाली असायची. तो थंडावा त्याला फुकट मिळत होता. करंजी घाट चढणाऱ्या गाडीला तो कुठून मिळणार?

तो गाडीतच असतो, डॅशबोर्डच्या मागे.

गाडीचा एसी थंडी तयार करत नाही, उष्णता उचलून दुसरीकडे टाकतो. आर-१३४ए नावाचा गॅस साध्या दाबाला उणे २६ अंशांवर उकळतो. एसीत तो त्याहून जास्त दाबाखाली शून्याच्या जरा वर उकळवला जातो. उकळताना आजूबाजूची उष्णता शोषून घेतो. मग कॉम्प्रेसर त्याला दाबून गरम करतो, बाहेरच्या हवेहूनही गरम, आणि म्हणून तो कंडेन्सरमध्ये ती उष्णता ४२ अंशांच्या हवेतही टाकू शकतो. बाहेरच्या तापमानाचं कुंपण ओलांडायची ताकद या यंत्रात आहे. तेव्हा गॅसची एक फांदी केबिनऐवजी इंटरकूलरच्या द्रवाकडे वळवायची. मध्ये पत्र्यांच्या थरांचा एक छोटा डबा बसवायचा, एका थरातून उकळता गॅस, शेजारच्या थरातून द्रव. याला चिलर म्हणतात.

अमेरिकेतल्या डॉज कंपनीने २०१८ च्या 'चॅलेंजर डेमन' गाडीत हे कारखान्यातूनच दिलं. ६.२ लिटरचं सुपरचार्जर लावलेलं व्ही-८ इंजिन, ८०८ अश्वशक्ती, आणि ड्रॅग शर्यतीच्या मोडमध्ये एसीचा गॅस केबिन सोडून इंटरकूलरच्या द्रवाला थंड करायला जातो. त्याच्या पंधरा वर्षं आधी, २००३ मध्ये, फोर्डने 'लाइटनिंग' पिकअपच्या एका नमुना गाडीत याच जातीची कल्पना दाखवली होती: एसीने थंड केलेला द्रव आधी साठवून ठेवायचा आणि ड्रायव्हरला हवा तेव्हा तो सोडायचा.

आपल्याकडच्या ड्रायव्हरला हे ऐकून धक्काच बसेल. घाट लागला की एसी बंद करायचा, हे आपण मारुती ८०० च्या काळापासून शिकलो आहोत. ते चूक नव्हतं. चाळीसच्या आतल्या अश्वशक्तीच्या इंजिनातून कॉम्प्रेसरने तीन खेचल्या तर त्या चढावर जाणवणारच. आजही पुष्कळ गाड्यांत पाय पूर्ण दाबला की कॉम्प्युटर कॉम्प्रेसर काही सेकंद सोडून देतो. मग ताकद वाढवण्यासाठी एसी चालू करणं हा उलटा न्याय कसा?

आकडे पाहिले की तो उलटा राहत नाही. समजा २०० अश्वशक्तीचं, म्हणजे सुमारे १५० किलोवॅटचं सुपरचार्ज पेट्रोल इंजिन आहे. पूर्ण जोरात ते सेकंदाला साधारण १५० ग्रॅम हवा घेतं. ही हवा ६५ ऐवजी ३८ अंशांपर्यंत खाली आणायची, तर तिच्यातून जास्तीची चारेक किलोवॅट उष्णता काढावी लागेल. त्यासाठी कॉम्प्रेसरला दोनेक किलोवॅट, म्हणजे तीनेक अश्वशक्ती द्याव्या लागतात. बदल्यात हवा आठ-साडेआठ टक्के दाट होते. त्या प्रमाणात इंधन वाढवलं तर सोळाएक अश्वशक्ती वाढतात. नॉकिंग टळल्याने ठिणगी पुन्हा वेळेवर पाडता येते, तो नफा वेगळा. तीन देऊन सोळा.

इथे एक गैरसमज दूर ठेवायला हवा. या सोळा अश्वशक्ती एसीने निर्माण केलेल्या नाहीत, त्या जास्तीच्या पेट्रोलच्या आहेत. एसीने त्या पेट्रोलला जळायला जागा करून दिली, एवढंच. म्हणून या युक्तीने मायलेज वाढेल अशी आशा धरणाऱ्याच्या पदरी काही पडणार नाही.

आणि अजून एक अडचण आहे, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वरच्या हिशेबात आपण फक्त शेवटचा टप्पा एसीवर टाकला, पहिला मोठा टप्पा रेडिएटरने उरकला असं मानलं. पण द्रव एकदा बाहेरच्या हवेहून थंड झाला की तो रेडिएटरमधून फिरवणं तोट्याचं ठरतं. ४२ अंशांचा वारा त्याला उलट तापवतो. चिलरचा द्रव दहा अंशांवर आणायचा आणि मग तो जाळीमागच्या रेडिएटरमधून न्यायचा, म्हणजे गाडी गावभरची हवा थंड करत फिरणार. तेव्हा एक तर द्रवाचे दोन वेगळे फेरे हवेत, नाही तर द्रव थंड असेपर्यंत रेडिएटर वगळणारा व्हॉल्व्ह हवा. रेडिएटर वगळला, तर १२० पासून ३८ पर्यंतचा सगळा भार, सुमारे बारा किलोवॅट, एकट्या एसीवर येतो. एसीची भाषा टनांची. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट. बारा किलोवॅट म्हणजे साडेतीन टन. चांगल्या मोटारीचा एसी दीड टनाच्या आसपास असतो. गणित बसत नाही.

बसतं ते वेळ मध्ये आणल्यावर, आणि ते कसं, हे नगर जिल्ह्यातल्या दूधवाल्यांना आधीपासून ठाऊक आहे. संगमनेर, राहाता, कोपरगाव, राहुरीकडे गावोगावचं दूध सकाळी आणि संध्याकाळी अशा दोनच वेळांना डेअरीवर येतं. गाईच्या अंगाच्या उबेचं ते दूध ताबडतोब चार अंशांपर्यंत उतरवलं नाही तर नासतं. त्या दोन तासांच्या गर्दीला पुरेल एवढं मोठं शीतयंत्र बसवलं तर उरलेला दिवस ते रिकामं पडून राहील. म्हणून कित्येक शीतकरण केंद्रांत आइस बँक असते: लहान यंत्र रात्रभर सावकाश चालून टाकीतल्या नळ्यांभोवती बर्फ धरतं आणि सकाळी दूध आलं की तो बर्फ वितळत सगळी उष्णता पिऊन टाकतो. यंत्राची ताकद गर्दीच्या क्षणाला मोजायची नाही, दिवसभराच्या सरासरीला मोजायची.

सुपरचार्जरची गाडी हुबेहूब तशीच वागते. पूर्ण जोर लागतो तो ओव्हरटेक करताना, चढावर, शर्यतीच्या दहा सेकंदांत. बाकी वेळ इंजिन निम्म्याहून कमी जोरावर चालतं आणि तेव्हा सुपरचार्जर हवा जेमतेम तापवतो. त्या वेळात एसीने दहा लिटर ग्लायकॉल-पाणी ५ अंशांवर आणून वेष्टण घातलेल्या टाकीत ठेवलं, तर ते ४५ अंशांपर्यंत चढेतो सुमारे १४४० किलोज्यूल उष्णता पोटात घेतं. बारा किलोवॅटचा भार एसीची काहीच मदत न घेता दोन मिनिटं चालेल, घेऊन तीन मिनिटं. पुन्हा टाकी भरायला सहाएक मिनिटं सौम्य चालवणं पुरे. चंदनापुरीचा घाट चढायला इतकं पुष्कळ झालं. त्याच टाकीत पाच किलो बर्फ टाकला तर नुसत्या वितळण्यात तो १६६० किलोज्यूल घेतो. शर्यतीच्या गाड्यांच्या टाकीत लोक सरळ बर्फ ओततात, ते यासाठी.

माझ्या मते या सगळ्या कल्पनेचं मर्म साठवणीत आहे. एसी इंटरकूलरला जोडला, हे सांगायला चमकदार आहे. पण टाकी आणि तिचं वेष्टण नसेल तर तो बिचारा कॉम्प्रेसर पहिल्या अर्ध्या मिनिटातच हरतो.

आता नगरमधल्याच दुसऱ्या ठिकाणी जाऊ. शहरालगत वाहननगरला व्हीआरडीई ही संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची, म्हणजे डीआरडीओची प्रयोगशाळा आहे. फाळणीच्या वेळी आज पाकिस्तानात असलेल्या चकलालाहून लष्करी वाहनांची तपासणी करणारी जी यंत्रणा नगरला आली, तिच्यातून ही संस्था वाढली. सैन्याच्या चाकांवरच्या वाहनांचं संशोधन आणि चाचण्या इथे होतात. राजस्थानच्या वाळूत पन्नाशीजवळच्या तापमानात इंजिनं कशी टिकतील, हा इथल्या लोकांचा रोजचा प्रश्न. मग एसीची युक्ती त्यांच्या उपयोगाची का नाही?

हिशेब पुन्हा करू, या वेळी १००० अश्वशक्तीच्या डिझेल इंजिनासाठी. डिझेल इंजिन हवा मुबलक घेतं, सेकंदाला किलोहून जास्त. ती ६५ वरून ३८ अंशांवर आणायला तीसेक किलोवॅट उष्णता उचलावी लागेल, म्हणजे जवळपास नऊ टनांचा एसी. घरातल्या दीड टनाच्या एसीसारखे सहा. शिवाय रणगाडा किंवा तोफ ओढणारा ट्रक दहा सेकंद धावून थांबत नाही. वाळूत तो तासन् तास पूर्ण भाराखाली असतो, त्यामुळे साठवणीचा फायदा मिळत नाही. जी काही थंडी वाहनात तयार करता येते, तिच्यावर पहिला हक्क आतल्या जवानांचा आणि तापलं की बिघडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा असतो. अशा ठिकाणी मोठा रेडिएटर, ताकदवान पंखा आणि चांगला टर्बो हेच शहाणपणाचं. उसाचे दोन ट्रेलर ओढत कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरलाही हेच लागू.

व्हीआरडीईच्या कामात याच प्रश्नाची अगदी उलटी बाजूही आहे. ही संस्था मानवरहित विमानांच्या इंजिनांवर काम करत आली आहे. 'निशांत' विमानाचं ५५ अश्वशक्तीचं, फिरत्या रोटरचं वांकेल इंजिन बेंगळुरूच्या एनएएल आणि एडीई या संस्थांबरोबर तिने घडवलं. २००९ च्या एप्रिलमध्ये कोलारजवळ ते हवेत गेलं. पुढे 'तपस'सारख्या मोठ्या विमानासाठी १८० अश्वशक्तीच्या वर्गातलं डिझेल इंजिन हाती घेतलं. तपस २८,००० फुटांपर्यंत पोचलं होतं. तिथे बाहेर उणे ४० अंश असतात. थंडाव्याची ददात नाही. पण हवेचा दाब जमिनीवरच्या एक तृतीयांश. इंजिनाला जमिनीसारखीच नव्हे तर थोडी जास्त हवा द्यायची, तर ती चौपट दाबावी लागते. आणि चौपट दाबलेली उणे ४० ची हवा किती तापते? टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर उत्तर येतं १२० अंशांच्या आसपास. म्हणजे नगरच्या मे महिन्यात १.७ पट दाबलेल्या हवेएवढीच! पहिल्यांदा हे गणित केलं तेव्हा मी ते पुन्हा करून पाहिलं. फरक एवढाच की वर त्या हवेला निववायला बाहेर उणे चाळीसचा वारा आहे. अडचण फक्त ही, की तो वारा इतका विरळ आहे की त्याच्यातून उष्णता बाहेर टाकायला इंटरकूलर मोठा लागतो.

खाली जमिनीवर परत येऊ, कारण नगरच्या उन्हाळ्याचा एक गुण अजून सांगायचा राहिला. हा जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. इथली मेची दुपार कोरडी असते. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडतं आणि उडताना प्रत्येक लिटरमागे सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. आपल्या दहा लिटरच्या गार टाकीत मावत होती १४४०. खिडकीतला वाळ्याचा कूलर नगरला मस्त चालतो आणि मुंबईत चालत नाही, त्याचं हेच कारण. ४२ अंशांना हवेतली आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास असेल तर ओल्या पृष्ठभागाचं तापमान २२ पर्यंत उतरू शकतं. इंटरकूलरच्या बाहेरच्या अंगावर पाण्याचा बारीक फवारा मारायची सोय सुबारूने आपल्या इम्प्रेझा एसटीआय गाड्यांत दिली होती. एक पंप, एक नळी, एक नोझल. बरंचसं पाणी न उडताच वाऱ्यावर वाया जातं, तरी नगर, सोलापूर, बीडसारख्या कोरड्या मुलखात इंटरकूलर थंड करायचा असेल तर एसीच्या आधी मी फवारा लावून पाहायला सांगेन. जुलैच्या कोकणात मात्र फवाऱ्याचा उपयोग नाही. तिथे एसीचाही काही जोर हवेतल्या दमटपणाचं पाणी करण्यात जाईल, आणि ते पाणी इंटरकूलरच्या आतल्या बाजूला साचून इंजिनात जाऊ नये याची वेगळी व्यवस्था लागेल.

हे सगळं वाचून कुणाला आपल्या गाडीत चिलर बसवावासा वाटला तर काही गोष्टी माहीत हव्यात. चिलरमध्ये गॅसचं तापमान शून्याखाली घसरू शकतं. द्रवात ग्लायकॉल नसेल तर पाणी गोठून डबा आतून फुटतो, आणि मग गॅसच्या नळीत पाणी आणि पाण्याच्या नळीत गॅस. ग्लायकॉल जास्त झालं तर द्रव घट्ट होऊन उष्णता नीट वाहून नेत नाही. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं, त्यामुळे नळ्यांची नवी फांदी अशी काढावी लागते की तेल तिच्यात अडकून बसणार नाही. कंडेन्सर इंजिनाच्या रेडिएटरपुढे असतो. इंटरकूलरमधून उचललेली उष्णता अधिक कॉम्प्रेसरचं काम असा सगळा ताप तो मागच्या रेडिएटरच्या अंगावर सोडतो, म्हणून इंजिन स्वतः तापट असेल तर आधी ते दुरुस्त करावं. गॅस काढायचा तर मशीनने, हवेत सोडून नाही. किलोभर आर-१३४ए पृथ्वीला तापवण्यात हजार किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा आहे. आणि मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाला छेद देणारा बदल करू देत नाही. सार्वजनिक रस्त्यावरच्या गाडीत सुपरचार्जर चढवायच्या आधी आरटीओत चौकशी करणं भाग आहे.

एवढ्या खटपटीची युक्ती शर्यतवाल्यांपुरतीच राहिली असती, पण तिला फार मोठं दुसरं घर मिळालं. नगरहून पुण्याला जाताना शिरूर सोडलं की रांजणगाव लागतं. तिथल्या कारखान्यात टाटांची नेक्सॉन ईव्ही बनते. तिच्या बॅटरीभोवती द्रव फिरतो. विजेच्या कित्येक गाड्यांत हा द्रव थंड करायला तोच पत्र्यांच्या थरांचा चिलर असतो आणि केबिनच्या एसीचाच गॅस त्यातून उकळतो. बॅटरीला पस्तीस-चाळीस अंशांपलीकडे राहणं मानवत नाही आणि बाहेर ४२ असताना नुसत्या रेडिएटरने ती खाली येणं शक्यच नाही. इंटरकूलरपुढचं कुंपण तेच, त्यावरून जायची शिडीही तीच.

फास्ट चार्जिंग ही इथली गर्दीची वेळ. पन्नास-साठ किलोवॅट आत शिरताना त्यातले काही टक्के बॅटरीत उष्णता होऊन राहतात. काही गाड्यांचा कॉम्प्युटर म्हणून चार्जरकडे निघाल्याचं कळताच वाटेतच बॅटरीला चार्जिंगच्या तयारीला लावतो. उन्हाळ्यात ती तयारी म्हणजे थंड करून ठेवणं. शेकडो किलोंची ती बॅटरी स्वतःच थंडावा साठवणारी टाकी होते. पेट्रोल गाडीत कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, त्यामुळे सिग्नलला थांबलं की त्याचा वेग पडतो, आणि टाकी भरायला जो वेळ सर्वांत सोयीचा, त्याच वेळी तो सर्वांत अशक्त असतो. विजेच्या गाडीत कॉम्प्रेसरला स्वतःची मोटर असते. गाडी उभी असो की धावती, तो पूर्ण वेगाने फिरू शकतो. ४८ व्होल्टच्या हायब्रिड गाड्यांतही असा विजेचा कॉम्प्रेसर बसवता येतो, आणि तिथे टर्बो लावलेलं पेट्रोल इंजिन अजून असतंच.